असोद्याचा पत्रा

असोद्याच्या केळीच्या शेडमध्ये बॅडमिंटनचे नियम उरलेल्या जगापेक्षा वेगळे होते, आणि त्याची तिथे कोणालाही लाज वाटत नसे.

असोदा म्हणजे जळगावच्या अगदी लगतचं गाव. गावाबाहेर अमृतशेठचं पॅकिंगचं शेड आहे. सकाळपासून तिथे केळीचे घड येतात, बायका त्यांच्या फण्या कापतात, तुरटीच्या पाण्याच्या हौदात बुडवून चीक धुतात, खोक्यांत भरतात. चारच्या सुमाराला ट्रक दिल्लीच्या रस्त्याला लागला की शेड रिकामं. मग हौद आणि वजनकाटा यांच्यामध्ये जी जागा उरते ती नेमकी एका कोर्टाएवढी आहे, हे पहिल्यांदा हिलाल आबांच्या लक्षात आलं. आबा शेडवर काट्यावर बसायचे, मालाचं वजन करायचे. पण त्याआधी पंधरा वर्षं त्यांनी धुळ्याच्या एका क्लबात मार्कर म्हणून काढली होती. मार्करने कोर्ट झाडायचं, नेट बांधायचं, साहेबलोकांची शटलं वेचून द्यायची, आणि एखादा साहेब एकटाच आला तर त्याच्याशी खेळून व्यवस्थित हरायचं. हे शेवटचं काम आपल्याला कधी जमलं नाही, म्हणून आपण धुळ्याहून असोद्याला आलो, असं आबा स्वतःच सांगत.

आबांनी फक्कीने रेघा मारल्या. नेट म्हणून रोपवाटिकेतल्या हिरव्या जाळीची पट्टी बांधली. ट्रकड्रायव्हर, हमाल, काट्यावरची दोन पोरं असा सगळा कारभार सुरू झाला. अडचण एकच होती, डोक्यावरचा पत्रा. मधोमध जेमतेम पंधरा फूट. कोणी शटल उंच उडवलं की ते पत्र्याला जाऊन थडकायचं, आणि मग लागलं की नाही लागलं यावरून जी भांडणं जुंपायची त्यात खेळ बाजूला राहायचा. शेवटी आबांनी कायदा केला. समोरच्याचं शटल पत्र्याला लागणार असं वाटलं तर ते लागायच्या आत हात वर करायचा आणि म्हणायचं, ‘पत्रा’. खरोखर लागलं तर पॉइंट तुझा. नाही लागलं तर पॉइंट गेला, आणि वर हसं होणार ते वेगळं.

ज्योत्स्ना प्रेमराज चौधरी तेव्हा आठ वर्षांची होती. तिचे वडील दिल्लीच्या ट्रकवर ड्रायव्हर, म्हणजे महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. आई मंदाबाई शेडवरच्या बायकांची मुकादम. शाळा सुटली की पोरगी दप्तरासकट शेडवर यायची आणि रिकाम्या क्रेटवर बसून मोठ्यांचा खेळ बघायची. घरीदारी तिला ज्योत्स्ना कोणी म्हणत नाही, जोसना म्हणतात. एकदा चौघांतला एक ड्रायव्हर कमी पडला म्हणून आबांनी तिच्या हातात रॅकेट दिली, आणि तिने ती परत केली नाही.

तिची उंची एवढीशी, आणि जाळी आरपार न दिसणारी. त्यामुळे समोरचा माणूस तिला दिसायचाच नाही. जाळीच्या वर फक्त त्याचा उचललेला हात आणि रॅकेट. तेवढ्यावरून शटल कुठे जाणार ते तिला ओळखावं लागे. वर्षभरात ती एवढी तरबेज झाली की ड्रायव्हरच्या रॅकेटला शटल लागतंय न लागतंय तोवर तिचा हात वर गेलेला असायचा. आणि तिचा हात एकदा वर गेला की शटल पत्र्याला लागायचंच. चाळीस-चाळीस टनी गाड्या चालवणारी माणसं त्या पोरीपुढे शटल उंच मारायची बंद झाली. सगळा खेळ मग डोक्याच्या खालून, सपाट, बंदुकीतून सुटल्यासारखा. तोच तिचा खेळ झाला.

बाराव्या वर्षी आबांनी तिचं नाव जळगावच्या जिल्हा स्पर्धेत घातलं. आईने धुतलेला पांढरा टी-शर्ट, त्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते डाग कशानेही जात नाहीत, हे केळीच्या गावात सगळ्यांना माहीत असतं आणि बाहेर कोणालाच नसतं. समोर एका डॉक्टरांची मुलगी होती. दुसऱ्याच रॅलीत त्या मुलीने शटल उंच मागे उडवलं. ज्योत्स्नाने हात वर केला, स्पष्ट आवाजात ‘पत्रा’ म्हणाली, आणि पॉइंट मिळाला म्हणून शटल मागायला नेटजवळ गेली. शटल तिच्या पाठीमागे, रेघेच्या आत, निवांत येऊन पडलं.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा पंचांनी खेळ थांबवून विचारलं की बाळ, तुला बाथरूमला जायचंय का. सगळा हॉल हसला. ती एकवीस-तीन, एकवीस-पाच अशी हरली. बाहेर पडेपर्यंत तिचं नाव पडलं होतं. पुढची कित्येक वर्षं जिल्ह्यातली मुलं तिला पत्रा म्हणूनच ओळखत.

परतताना आबा मोपेड चालवत होते, मागे ही. अर्ध्या रस्त्यात त्यांनी गाडी बाजूला घेतली. त्यांचा चेहरा पडला होता. धुळ्याच्या क्लबाचं छत त्यांनी पंधरा वर्षं पाहिलं होतं, आणि तरीही या पोरीला ते सांगायचं राहून गेलं होतं. शेडचा कायदा त्यांनी स्वतः केला आणि तो फक्त शेडपुरता आहे हे स्वतःच विसरले.

“चूक तुनी नई पोरी, मनी शे,” ते म्हणाले. “मी बठ्ठी दुनिया शेडमझारच मोजी.”

पोर रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. रागाने तिचे कान लाल झाले होते. तिने विचारलं की त्या हॉलचं छत किती उंच आहे. आबांनी सांगितलं, चाळीस फूट तरी असेल.

“आपला पत्रा राहू द्या आबा,” ती म्हणाली. “तिकडलं मी पाह्यते.”

आणि तिने पाहिलं. दर रविवारी आबा तिला जळगावच्या हॉलवर घेऊन जायचे. तिथे तासभर ती फक्त उंच शटल बघायला, त्याच्याखाली जायला शिकायची. बाकीचे सहा दिवस शेड. उंच शटल आलं तर परत कसं करायचं ते तिला कळलं, पण स्वतःहून उंच मारायचं तिच्या अंगातच नव्हतं. शहरातल्या मुलींना शटल वर उडवून श्वास घ्यायची सवय असते. ही श्वासच घेऊ द्यायची नाही. सोळाव्या वर्षी तिने राज्य पातळीवर अशा पाच मुलींना हरवलं ज्यांचे बूट तिच्या रॅकेटपेक्षा महाग होते. कोणीतरी म्हणालं की ही बॅडमिंटन खेळत नाही, टेबल टेनिस खेळते. म्हणू दे. पॉइंट तर बॅडमिंटनचेच मिळत होते.

सतराव्या वर्षी तिला पुण्याच्या एका अकादमीने बोलावलं. राहणं, खाणं, शिकणं सगळं अकादमीकडे. असोद्यात पेढे वाटले गेले.

अकादमीचे प्रशिक्षक ललित सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. ते पहाटे पाचला कोर्टावर असायचे, मुलींवर कधी ओरडायचे नाहीत, आणि आपल्याला जे कळतं ते शंभर टक्के बरोबर आहे याची त्यांना खात्री होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ज्योत्स्नाला सांगितलं की तिचा हात चांगला आहे, पण खेळ मुळापासून चुकीचा आहे, तो पुसून नव्याने लिहावा लागेल. ती तयार झाली. घरापासून एवढ्या लांब आलेली पोर, समोर एवढा मोठा माणूस, ती काय बोलणार?

दोन वर्षं तिचा खेळ पुसणं चाललं. उंच मार, मागे जा, वाट बघ. पुन्हा उंच मार. ती सगळं शिकली आणि अगदी इतरांसारखी खेळायला लागली, आणि इतरांसारखी हरायलाही लागली. आहाराच्या तक्त्यात रोज दोन केळी होती. ती केळी हातात घेऊन ती मैत्रिणींना सांगायची की हा माल अवेळी कापलाय, कच्चाच पिकवलाय, आमच्या शेडवर आईने हा बाजूला काढला असता. मुली हसायच्या. तिच्या बोलण्यात पूर्वी जी ऐट असायची ती आता फक्त केळ्यांपुरती उरली होती.

अकादमीची सगळ्यात चांगली खेळाडू सारिका. सरांनी ज्योत्स्नाला तिच्यासमोर उभं केलं. सारिकाला जिथे सराव हवा तिथे ज्योत्स्नाने शटल टाकायचं. रोज दोन तास. सारिका गुणी मुलगी होती, खेळून झाल्यावर न चुकता थँक्यू म्हणायची.

मग यंदाच्या जुलैत सरांनी ज्योत्स्नाला ऑफिसात बोलावून एक पत्र दिलं. अकादमी तिला नोकरीवर घेत होती. पद होतं स्पॅरिंग पार्टनर, म्हणजे मोठ्या खेळाडूंना सराव देणारी खेळाडू. पगार, खोली, सगळं. सर मनापासून समजावत होते. म्हणाले की तुझ्या वयाच्या शंभर मुली खेळ सोडून घरी जातात, तू खेळातच राहशील. तू सारिकाला जो सराव देतेस तो दुसरं कोणी देऊ शकत नाही.

ज्योत्स्नाने पत्र दोनदा वाचलं. तिला एकदम आबा दिसले, हातात झाडू घेतलेले, साहेबाशी खेळून हरणारे.

“सर, आमचे आबा धुळ्याला हेच काम करायचे,” ती म्हणाली. “त्यांनी सोडलं ते.”

सरांना त्यातलं काही कळलं नाही. पण ते चिडले नाहीत. डिसेंबरात धुळ्यात वरिष्ठ गटाची राज्य स्पर्धा होती. उपांत्य फेरी गाठणाऱ्या चौघी राज्याच्या संघात जाणार होत्या. सर म्हणाले, जा, एकदा तुझ्या मनासारखं खेळून घे. चौघींत आलीस तर तू खेळाडू. नाही आलीस तर एक जानेवारीला इथे हजर हो, पत्र तोवर कायम आहे. आणि हसत म्हणाले, तोवर सराव कुठे करणार, त्या गोदामात?

“शेड म्हणतात सर त्याला,” असं म्हणून ती उठली.

घरी आल्यावर खरी लढाई सुरू झाली. प्रेमराज दिल्लीहून आले, पत्र वाचलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला पुण्यात नोकरी, तीही खेळातली, उन्हातान्हात नाही. एवढ्याला नको म्हणणारी पोर म्हणजे डोक्यावर परिणाम झालेली असणार, असं त्यांचं मत पडलं. आयुष्य स्टीअरिंगवर गेलेल्या माणसाला पक्की नोकरी म्हणजे काय ते विचारा. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते दोन दिवस शांतपणे समजावत राहिले, तिसऱ्या दिवशी आवाज चढला. तेव्हा इतका वेळ भाकरी थापत बसलेल्या मंदाबाई पहिल्यांदा बोलल्या.

“माही पोरगी काय केयीची फणी हाये, का कोन्ही उचलली अन् क्रेटमधी भरली?”

प्रेमराजांनी मग फक्त पोरीकडून शब्द घेतला. धुळ्यात चौघींत आली नाही तर एक जानेवारीला मुकाट्याने पुणे. ज्योत्स्नाने शब्द दिला. पत्र तिने घडी करून रॅकेटच्या बॅगेत ठेवलं, रोज उघडताना दिसावं म्हणून.

शेड होतं तसंच होतं. आबा मात्र थकले होते, काट्यावर आता दुसरा माणूस बसायचा. तरी चार वाजता ते आले. तिचा खेळ दहा मिनिटं बघितला आणि मान हलवली. मग दोन ड्रायव्हरांना तिच्यासमोर उभं केलं आणि जुना कायदा लावला. पहिल्या दिवशी तिचा हात सोळा वेळा वर गेला आणि अकरा वेळा चुकला. आठ वर्षांची असताना जे दिसायचं ते एकोणीस वर्षांच्या बाईला दिसत नव्हतं. ती हौदाच्या कडेला बसली आणि त्या संध्याकाळी मात्र रडली. आबा तिच्याजवळ उकिडवे बसले.

“त्यानी तुनं छप्पर काढी टाकं,” ते म्हणाले. “आते आपुन ते परत बसाडूत.”

सराव द्यायला पुण्यासारखे खेळाडू कुठून आणायचे हा प्रश्न मंदाबाईंनी सोडवला. ट्रक गेला की सहा बायका नेटच्या पलीकडे उभ्या राहायच्या, प्रत्येकीजवळ शटलांनी भरलेली टोपली. दिवसभर हौदातून फण्या उचलणारे हात ते. एकीचं शटल जमिनीवर पडायच्या आत दुसरीचं सुटलेलं असायचं, आणि ज्योत्स्नाने प्रत्येक शटल खांद्याखालून परत करायचं. चुकली की शेरे तयार. “पुन्याले पाय इसरून आली का व?” असं एकीने म्हटलं की बाकीच्या पाचजणी दिवसभराचा शीण विसरून हसायच्या. ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून पाय कसा टाकायचा हे तिच्या पायांना आठवू लागलं. पोळ्यापर्यंत पाय परत आले. दिवाळीपर्यंत डोळा परत आला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तिचा हात बारा वेळा वर गेला आणि एकदाही चुकला नाही. आबांनी त्या दिवशी बायकांना स्वतःच्या पैशाने शेव-जिलेबी आणली.

डिसेंबरात धुळ्याला पहिले तीन सामने तिने सरळ जिंकले. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. चौथा सामना उपांत्यपूर्व फेरीचा, आणि समोर सारिका. जिंकली तर चौघींत. हरली तर बॅगेतलं पत्र.

सारिकाच्या मागे प्रशिक्षकाच्या खुर्चीवर ललित सर. ज्योत्स्नाच्या मागे आबा बसायला निघाले तर संयोजकाने अडवलं, कोर्टावर चपला चालत नाहीत म्हणे. आबांनी चपला काढून पिशवीत घातल्या आणि अनवाणी जाऊन बसले. धुळ्याची कोर्टं मी पंधरा वर्षं अनवाणी झाडलीत, असं त्या माणसाला सांगायला ते विसरले नाहीत. प्रेक्षकांत मंदाबाई आणि शेडवरच्या अकरा बायका. त्या दिवशी असोद्यात माल भरला गेला नाही. अमृतशेठ काय म्हणाले ते कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

पहिला गेम ज्योत्स्ना चौदा-एकवीस हरली. समोर सर दिसले आणि हात आपोआप पुण्यासारखा चालू लागला. उंच मार, मागे जा, वाट बघ. त्या खेळात सारिका तिच्यापेक्षा दुप्पट चांगली होती, दोन वर्षं रोज ज्योत्स्नाच्याच शटलांवर ती तयार झाली होती. मधल्या वेळात ज्योत्स्ना आबांसमोर आली तेव्हा तिला धाप लागली होती. आबांनी पाण्याची बाटली दिली.

“समोरनी पोरले नको दखू,” ते हळूच म्हणाले. “पत्रा दख.”

दुसऱ्या गेममध्ये हॉलमधल्या लोकांनी गप्पा थांबवल्या. शटल नेटच्या वरून वीतभर उंचीने सुटत होतं आणि तितक्याच वेगाने परत येत होतं. सारिकाला मागे जायला वेळ मिळेना, वर उडवायला जागा मिळेना. ही ती ज्योत्स्नाच नव्हती जिला ती रोज थँक्यू म्हणायची. एकवीस-सतरा. ललित सर खुर्चीवरून पुढे सरकून बसले.

तिसरा गेम कोणाच्याच हातात नव्हता. सारिका मोठी खेळाडू होती, दहाव्या-बाराव्या पॉइंटनंतर तिने वेग पकडला. एकोणीस-एकोणीस. मग नेटवरून एक शटल घसरून ज्योत्स्नाच्या बाजूला पडलं आणि सारिका वीस, ज्योत्स्ना एकोणीस. एक पॉइंट, आणि एक जानेवारीला पुणे.

त्या रॅलीत दोघींनी शटल चौदा-पंधरा वेळा नेटवरून इकडचं तिकडे केलं. अखेर ज्योत्स्नाने एक शटल तिच्या अंगावर मारलं आणि सारिकाने मागे झुकून, सगळा जीव लावून, ते उंच उडवलं. खूप उंच, मागच्या रेघेवर. कोणतीही खेळाडू अशा वेळी मागे पळते. ललित सरांनी हजार वेळा शिकवलं होतं, अशा वेळी मागे पळायचं.

ज्योत्स्नाचा हात वर गेला.

ती जागची हलली नाही. रॅकेट खाली, डावा हात वर, ओठ पुटपुटले, ‘पत्रा’. हॉलमध्ये दबका आवाज उठला. सात वर्षांपूर्वीची ती जुनी गोष्ट खानदेशातल्या बऱ्याच जणांना ठाऊक होती, आणि ऐन मॅचपॉइंटला पोरीला पुन्हा तोच झटका आला असं त्यांना वाटलं. कोणीतरी हसलंही. प्रेक्षकांत फक्त असोद्याच्या बायका निश्चिंत होत्या. जोसनाचा हात वर गेला म्हणजे विषय संपला, हे त्यांना रोजचं होतं. मंदाबाईंनी तर पदर सावरून टाळी वाजवायला हात उचलले होते.

शटल छताजवळच्या दिव्यांपर्यंत गेलं, वळलं, आणि सरळ खाली आलं. पांढऱ्या रेघेच्या बाहेर चार बोटं. रेषापंचाने दोन्ही हात पसरले.

वीस-वीस झाले तेव्हा सारिकाने ज्योत्स्नाकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली. आपण उंच मारलेलं कुठे पडणार ते आधीच कळतंय हिला. पुढच्या रॅलीत ती उंच मारायला गेली, ऐन वेळी हात आखडला आणि शटल नेटमध्ये. त्याच्या पुढच्या रॅलीत तिने उडवलेलं शटल अर्ध्यावरच आलं, आणि खांद्याएवढ्या उंचीवर आलेलं शटल सोडायची असोद्यात पद्धत नाही. बावीस-वीस.

दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत ती हरली. चांगलीच हरली, ते लपवायचं कारण नाही. पण सारिकाला हरवलं त्या दुपारीच ती राज्याच्या संघात होती, आणि प्रेमराज पोरीने आधी फोन उचलला नाही म्हणून दिल्लीच्या रस्त्यावर ढाब्यापाशी ट्रक उभा करून तिला शिव्या देत होते, रडत.

सारिकाचा सामना संपल्यावर ललित सर कोर्टाच्या कडेने चालत आले. ज्योत्स्ना बूट सोडत होती. ती उठून उभी राहिली, वाकून नमस्कार केला, बॅगेतून घडी केलेलं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. कागद घामाने मऊ पडला होता, त्यावर चिकाचा एक काळा डागही होता. सरांनी ते उघडून पाहिलं नाही. अभिनंदन म्हणाले, आणि ते खोटं वाटलं नाही. जायला वळले, परत थांबले. त्यांना काहीतरी सतावत होतं.

“ते शटल तू सोडलंस कशाच्या भरवशावर?” त्यांनी विचारलं. “तेव्हा ते सारिकाच्या रॅकेटवरून नुसतं सुटलं होतं. आत पडलं असतं तर संपलं असतं सगळं.”

ज्योत्स्नाने मान वर करून हॉलच्या चाळीसेक फुटांवरच्या छताकडे पाहिलं. आबा चपला घालत होते, त्यांनीही पाहिलं.

“पत्र्याला लागलं होतं, सर,” ती म्हणाली.